फाइल कोणी अडवली

मोहाडीत सुगतला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक, अडलेला कॉम्प्युटर तो सोडवून देतो. दोन, चौतिशी आली तरी त्याचं स्वतःचं कुठे जमलेलं नाही. पहिल्या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता आणि दुसरीचा विषय निघाला की तो कामाचा ढीग पुढे करी. तहसील कार्यालयासमोरच्या त्याच्या दुकानात सातबारे निघत, दाखल्यांचे अर्ज भरले जात, धान विक्रीची नोंदणी होई. आणि गिऱ्हाईक नसलं की सुगत खुर्चीला रेलून स्वतःला सॉफ्टवेअर इंजिनिअर समजे. तेवढी सवड त्याला रोज मिळायची.

ह्या समजुतीपायी त्याने यंदाच्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यासाठी एक प्रोग्राम लिहून दिला. मेळाव्याचे अध्यक्ष बाबुलालजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दरवर्षी ते बायोडाट्यांचा गठ्ठा काखेत मारून मंचावर चढायचे, आणि तुमसरच्या मुलाच्या हाती पवनीच्या मुलीऐवजी पवनीच्याच दुसऱ्या एका मुलाचा कागद पडायचा. यंदा सगळं कॉम्प्युटरवर होणार, असं सुगतने बैठकीत जाहीर केलं. जाहीर करताना त्याने आवाजही जरा जाड काढला होता.

प्रोग्राम तसा साधाच होता. नावं, जन्मतारखा, उंची, शिक्षण, अपेक्षा, सगळं एकाच फाइलमध्ये. वेगळा सर्व्हर नको, वेगळं मशीन नको, डेटाबेस प्रोग्रामच्या पोटातच बसवलेला. ती फाइल सुगतच्या लॅपटॉपवर ठेवायची आणि नोंदणीच्या तिन्ही काउंटरवरचे लॅपटॉप वायरीने तिला जोडायचे. अशी फाइल चार मशिनींत वाटून वापरू नये, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. एका दिवसाचं तर काम आहे, म्हणून त्याने ते वाचलेलं बाजूला ठेवलं. एक नियम मात्र त्याने काउंटरवरच्या सगळ्यांना समजावून दिला. फाइलमधलं वाचायला कितीही जण एकदम येऊ शकतात, पण लिहायला एका वेळी एकच. एकाचं लिहून पुरं होईस्तोवर बाकीच्यांनी दारात थांबायचं, आणि फारच थांबावं लागलं तर मशीन ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश दाखवून त्यांना परत पाठवतं. हे सांगताना तो प्रतिक्षाकडे बघत होता, म्हणून पहिल्या काउंटरवर बसणाऱ्या अतुलला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही.

प्रतिक्षा आंधळगावच्या पोस्टात शाखा डाकपाल. जुने बायोडाटे प्रोग्राममध्ये भरायला ती पावसाळा संपल्यापासून दर रविवारी सुगतच्या दुकानात येत होती. तिचा हात कीबोर्डवर झरझर चालायचा, चूक झाली तर ती स्वतःच हसायची, आणि बाहेर पडताना स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळून ठेवायची. सुगत शनिवारी संध्याकाळपासून मनात वाक्यं जुळवायला लागे. रविवारी ती समोर बसली की त्याच्या तोंडून निघे, ‘तारीख टाकताना आधी दिवस, मग महिना, मॅडम.’ एकदा फार धीर करून तो म्हणाला, ‘सेव कराले विसरू नका.’ त्या रात्री तो स्वतःवरच इतका चिडला की जेवला नाही. ती त्याला सुगतजी म्हणायची. भाऊ म्हणत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्याने दिवाळी काढली.

आणि एका रविवारी तिने त्याच्यासमोर बसून स्वतःचं नाव भरलं. घरच्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, एवढंच ती म्हणाली. सुगतने पडद्यावरची तिची उंची वाचली, शिक्षण वाचलं, आणि जन्मतारीख बरोबर पडली म्हणून तिचं कौतुक केलं. तेव्हाच त्याला पुढचं सगळं दिसलं होतं. मेळाव्याच्या दिवशी ती मंचावर उभी राहणार, शे-दोनशे घरं तिला बघणार, त्यातलं एखादं घर तिच्या भावाला गाठणार, आणि आपण मागे वायरी सांभाळत बसणार. त्याआधी तिच्याशी बोलायला हवं होतं. सुगत त्यानंतर कितीतरी वेळा तिच्याशी बोलला, आणि दर वेळी प्रिंटरबद्दल बोलला.

मेळाव्याच्या सकाळी मोहाडीचं सभागृह भरून गेलं. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. खोटं न बोलण्याचं चौथं शील सुगतनेही हात जोडून सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटलं. मग तर्री-पोहे आले आणि पोह्यांबरोबर नागपूरचा एक मुलगा आला. कंपनीत नोकरी, पांढरी गाडी, संगे दोन मामा. त्यांनी पहिल्या काउंटरवर अतुलकडून चार मुलींच्या माहितीच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. अतुल मोहाडीच्याच शाळेत शिकवायचा आणि कोणालाही काही विचारलं तर भरभरून सांगायचा. त्याने चौथी चिठ्ठी हातात देताना दुसऱ्या काउंटरकडे बोट दाखवलं. तिथे प्रतिक्षा बसली होती. दोन्ही मामांनी चष्मे सारखे करून तिकडे पाहिलं.

सुगतने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मंचामागे जाऊन त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि डेटाबेसची फाइल सरळ उघडणारं एक हत्यार सुरू केलं. हे हत्यार काउंटरवर कोणाकडेच नव्हतं, ते फक्त त्याच्याकडे होतं, कारण तो इंजिनिअर होता. त्याने प्रतिक्षाची ओळ शोधली. ‘स्थिती’ ह्या रकान्यात ‘इच्छुक’ लिहिलेलं होतं. ते खोडून त्याने लिहिलं, ‘ठरले’. ज्याचं ठरलं त्याचं नाव शोधात दिसत नाही, पुकाऱ्यात येत नाही, हे त्याने स्वतःच प्रोग्राममध्ये बसवलं होतं.

त्या हत्याराची रीत अशी की बदल केला म्हणून तो लगेच पक्का होत नाही. वर दोन बटणं उजळतात, एक बदल लिहायचं, एक बदल मागे घ्यायचं. सुगतने पहिल्या बटणावर बाण नेला आणि तिथेच धरून ठेवला. हे काय करतो आपण, असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या बटणावर बाण नेला तर डोळ्यापुढे मामांचे चष्मे आले. असा तो इकडून तिकडे करत राहिला. एवढ्यात माइक खरखरतोय म्हणून बाबुलालजींनी त्याला हाक मारली आणि सुगतची सुटका झाली. त्याने खिडकी खाली दडवली आणि माइककडे पळाला. सेव केलं नाही म्हणजे केलंच नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. अशा समजुती घालण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हता.

माइक दुरुस्त झाला आणि काउंटर अडले.

आधी अतुलने हात वर केला. ऐन वेळी आलेल्या लोकांची नवी नोंद घ्यायला गेलं की मशीन थोडं थांबायचं आणि मग सांगायचं, डेटाबेस इज लॉक्ड. मग तिसऱ्या काउंटरवरून तीच तक्रार आली, मग प्रतिक्षाकडूनही. जुन्या नोंदी दिसत होत्या, चिठ्ठ्या निघत होत्या, पण नवं एक अक्षर फाइलमध्ये जाईना. बाबुलालजींनी ऐन वेळच्या नावांना आधी पुकारायचं ठरवलं होतं, कारण ती माणसं लांबून आलेली. म्हणजे पुकाराही थांबला. रांगेत कारध्याच्या आनंदाबाई मुलीला घेऊन सर्वांत पुढे उभ्या होत्या, त्यांनी आधी पदर खोचला आणि मग खुर्ची मागितली. मंचावरून बाबुलालजींनी विचारलं, “सुगतबाबू, गाडी काहून थांबली जी?”

सुगत कामाला लागला. अशा वेळी त्याच्या अंगात काही वेगळंच शिरायचं. आधी त्याने अतुलला धारेवर धरलं, की तू एकदम दोन खिडक्या उघडल्यास. अतुलने एकच उघडली होती, तरी त्याचा लॅपटॉप बंद करून चालू केला. मग तिसऱ्या काउंटरचा, मग ओशाळं हसून प्रतिक्षाचा. स्वतःचा तेवढा केला नाही, कारण सगळ्यांची मदार त्याच्यावर होती आणि तो तर तज्ज्ञाचाच होता. मग त्याला वायरींचा संशय आला. त्याने वायरी काढल्या, फुंकल्या, परत लावल्या. मग व्होल्टेजचा संशय आला, म्हणून पंखे बंद करायला लावले आणि सभागृहातल्या लोकांनी निमंत्रणपत्रिकांनी वारा घ्यायला सुरुवात केली. व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर थांबवलं. डिस्कवर जागा आहे का पाहिलं, ढीगभर होती. फाइल बिघडली की काय म्हणून तिची तपासणी चालवली, तर फाइल ठणठणीत. दुकानात असं अडलेलं मशीन घेऊन कोणी आलं की सुगत सगळ्यांत आधी विचारायचा, कोणाची खिडकी अर्धवट उघडी राहिली आहे का ते पाहिलंत का. आज हा प्रश्न त्याला आठवला नाही.

शेवटी त्याने फाइल ठेवलेला फोल्डर उघडला. प्रतिक्षा तोवर काउंटर सोडून त्याच्यामागे येऊन उभी राहिली होती, अतुलही आला. फोल्डरमध्ये मूळ फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘जर्नल’ असं शेपूट लावलेली एक बारकी फाइल दिसत होती. अतुल म्हणाला की हीच कचऱ्याची दिसते, उडवून टाकू. सुगतने त्याचा हात धरला. ही फाइल उडवली तर मूळ फाइलचं वाटोळं होऊ शकतं, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि प्रतिक्षा ऐकत होती म्हणून ते त्याने जरा मोठ्याने आणि विस्ताराने सांगायला घेतलं.

“ही फाइल कवा राहाते ठाऊक हाय का? कोणीतरी लिवाले बसला, पण काम पुरं नाही केलं. ना सेव करून राहिला, ना सोडून राहिला. तो जो कोणी हाय ना, त्यानंच साऱ्यांले अडवून ठेवलं.”

वाक्य संपता संपता त्याचं तोंड उघडंच राहिलं. हा जो कोणी आहे तो कोण, हे त्याच्या लक्षात आलं होतं. वायरी, व्होल्टेज, पंखे, अतुल, सगळ्यांना झाडून घेतलं आणि चोर स्वतःच्याच मांडीवर बसलेला. त्याने अतुलला घाईघाईने काउंटरवर पिटाळलं. प्रतिक्षालाही जायला सांगितलं, पण ती म्हणाली की तुमच्या लॅपटॉपवर एकदा पाहून घ्या. माझ्यात काय राहणार, असं सुगत म्हणाला, आणि तिची नजर चुकवून खाली दडवलेली खिडकी बंद करायला गेला. दुसरं एखादं हत्यार गुपचूप बंद झालं असतं. ह्याने पडद्याच्या मधोमध प्रश्न टाकला, की केलेले बदल जतन करायचे, टाकून द्यायचे, की राहू द्यायचं. प्रश्नाच्या मागे प्रतिक्षाची ओळ उघडी पडली होती, आणि बदललेला रकाना ठळक अक्षरात होता.

प्रतिक्षाने ते वाचलं. वाचायला तिला वेळ लागला नाही, रोज पत्ते वाचणारी बाई.

“माझं लग्न ठरलं?” ती हळू आवाजात म्हणाली. “कोणासंगं ठरलं, ते तरी लिवा.”

सुगतला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. वायरीच्या गुंडाळ्याखाली लपता येईल का, असंही वाटलं. तिला काय सांगावं, ह्याची त्याच्याकडे कित्येक शनिवारांची तयारी होती. त्यातलं एकही वाक्य ह्या प्रसंगासाठी केलेलं नव्हतं.

“मी सेव नाही केलं,” तो म्हणाला.

“मिटवलं बी नाही.”

प्रतिक्षाचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज तेवढाच होता, आणि तो चढला असता तर सुगतला बरं वाटलं असतं. घरच्यांनी मला विचारलं, मग नाव टाकलं, ती म्हणाली. तुम्ही विचारलं का? सुगतने नाही म्हणून मान हलवली. विचारायचं होतं, असं तो पुटपुटला, आणि ते पुटपुटणं त्यालाच इतकं केविलवाणं वाटलं की त्याने पुढचं गिळलं. हिचं नाव खोडायला निघालो होतो, आणि तेही धड खोडता आलं नाही. चांगलं तर नाहीच, वाईटसुद्धा आपल्याच्याने पुरतं होत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. लाज वाटली, आणि ती खरी होती.

“मागं घ्या ते,” ती म्हणाली.

त्याने बदल टाकून दिला. बारकी फाइल फोल्डरमधून नाहीशी झाली आणि तिन्ही काउंटरवरून एकदम आवाज आले की झालं, झालं, गेलं. अतुलने दोन्ही हात वर केले. पंखे सुरू झाले. बाबुलालजींनी माइकवरून सांगितलं की सुगतबाबूंनी बिघाड शोधून काढला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रतिक्षा मागे न बघता तिच्या काउंटरवर गेली. त्या टाळ्या ऐकताना सुगतला कोणीतरी तोंडात मारून जातंय असं वाटत होतं, आणि तरीही सवयीने त्याची मान अर्धी लवलीच.

पुकारे सुरू झाले. आनंदाबाईंची मुलगी मंचावर जाऊन आली, आणि आपली नोंद नीट झाली की नाही ते बघायला परत काउंटरवर गेली. मग प्रतिक्षाचं नाव आलं. ती उठली, पायऱ्या चढली, नमस्कार केला. नाव, गाव, नोकरी सांगितली. अपेक्षा काय, असं बाबुलालजींनी नेहमीप्रमाणे विचारलं.

“नोकरी, शेती, काहीबी चालन,” ती म्हणाली. “फक्त माझ्याबद्दलचं जे करन, ते मले विचारून करणारा पाहिजे.”

सभागृहात चांगल्याच टाळ्या पडल्या. बाबुलालजींनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं आणि तरुण पिढीने लक्षात ठेवावं असं बजावलं. सगळ्यांना ते एक चांगलं मत वाटलं. ते कोणाला उद्देशून होतं, हे मंचामागे वायरींत बसलेल्या एकाच माणसाला कळलं होतं. पुढच्या रांगेतून नागपूरचे दोन्ही मामा उठले आणि प्रतिक्षाच्या भावाला शोधत दाराकडे निघाले.

ह्याच वेळी सुगतची आई विमलाबाई खुर्च्यांमधून वाट काढत मंचामागे आली. सकाळपासून ती पहिल्या रांगेत मान उंच करून बसली होती. तुझं नाव कधी पुकारतात, असं तिने विचारलं. माझं नाव तर मी सगळ्यांच्या आधी टाकतो, असं सुगतने तिला घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. सगळ्या जिल्ह्याची नावं त्या फाइलमध्ये होती, फक्त ती फाइल बनवणाऱ्याचं नव्हतं. स्वतःची नोंद तो कितीदा भरायला बसला आणि कितीदा अर्धी सोडून उठला. आईला त्याने खरं ते सांगितलं. ती त्याच्यावर ओरडली नाही. नुसती परत जाऊन बसली. खुर्चीत टेकताना तिने मान खाली घातली, ते त्याने पाहिलं, आणि त्याला तिथे बसवेना.

सुगत उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. अतुलचा काउंटर मोकळा होता, तिसराही मोकळा होता. अतुलने त्याला दोनदा हात करून बोलावलं. सुगत दुसऱ्या काउंटरच्या रांगेत, आपल्या मावशीच्या मुलीसाठी माहिती घ्यायला आलेल्या माणसाच्या मागे उभा राहिला. त्याच्यामागे काही वेळाने आनंदाबाई आल्या, त्यांना एक चिठ्ठी परत काढून हवी होती. रांग पुढे सरकली आणि त्याचा नंबर आला. प्रतिक्षाने वर बघितलं. काही अडलं का, असं तिने कोरडेपणाने विचारलं. नवी नोंद, असं तो म्हणाला.

तिने नाव घातलं. ते विचारावं लागलं नाही. जन्मतारीख विचारली, ती त्याने आधी दिवस, मग महिना अशी सांगितली. उंची विचारली, तेव्हा तो पाच-सहा म्हणाला. तिने पुन्हा वर बघितलं, तेव्हा पाच-चार म्हणाला. शिक्षण झालं, व्यवसाय झाला. व्यवसायात सॉफ्टवेअर इंजिनिअर सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. ऑनलाइन सेंटर लिहा, असं तो म्हणाला. मग तिने विचारलं, “अपेक्षा?”

मागे रांग होती. आनंदाबाईंचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. मंचावरून बाबुलालजी कोणा साकोलीच्या मुलाला उंची नीट सांग म्हणून दटावत होते.

“तुम्ही,” तो म्हणाला.

प्रतिक्षाची बोटं कीबोर्डवरून उचलली गेली.

“हे याच्यात नाही टाकाचं,” प्रतिक्षा म्हणाली. “मशीनले सांगून काय होते. रविवारी आंधळगावले या, विमलाबाईले घेऊन या, अन् माझ्यासमोर मले विचारा. मी नाही बी म्हणन. आज जे केलं, त्याच्यानं नाहीच म्हणाची पाळी जास्त हाय. चालते का?”

“चालते.”

“अन् नाही म्हटलं, त?”

सुगतने विचार केला. आजवर ह्या प्रश्नापर्यंत तो कधी पोहोचलाच नव्हता. त्याच्या सगळ्या वाक्यांत ती एक तर हो म्हणायची, नाहीतर तो तिथून निघून जायचा. “मंग तेच पक्कं,” तो म्हणाला. “त्याच्यात मी बदल नाही करणार.”

तिने अपेक्षेचा रकाना कोरा ठेवून नोंद सेव केली, चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली आणि आनंदाबाईंना पुढे बोलावलं. आनंदाबाई पुढे सरकल्या, पण त्यांची नजर सुगतवरच होती.

चिठ्ठी घेऊन तो पहिल्या रांगेशी आला. झालं का, असं विमलाबाईने मान वर न करता विचारलं.

“नाही,” तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसत म्हणाला. “आता विचाराले जायचं हाय.”